खड्यांची वाटी

मला आता मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माणूस समोर उभा राहिला की त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, हातातली पिशवी दिसते. तोंडाच्या जागी मात्र ओला धूर. हा धूर काळा नाही आणि पांढराही नाही. त्याला रंगच नाही. आधी डावा डोळा गेला, वर्षभराने उजवा. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर आणि वय, दोघांनी मिळून खाल्लेत. ऑपरेशन करून परत यायचे नाहीत. मी म्हटलं, बरं. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. डोळे मी काही झाकून ठेवले नव्हते, भरपूर वापरले होते.

माझी शाळा चौथीपर्यंत. हे मी फोनमध्ये बोलते आहे आणि फोन लिहितो आहे. तो अर्धं ऐकतो, अर्धं मनाचं घालतो. मग मुलगी सुट्टीच्या दिवशी बसून ते सुधारते. तिने कुठे गोड करून घातलं असेल तर ते माझं नाही.

माझं काम धान्य निवडण्याचं होतं. नवऱ्याची ठाण्यातली कंपनी बंद पडली तेव्हा मी वर्तकनगरहून कल्याणला, धान्याच्या एका गोदामात जायला लागले. तीसेक वर्षं मी जात होते. गोदाम लांबट होतं, पत्र्याचं, आणि भिंतीत उंचावर दोन झरोके. दुपारी त्यातून ऊन तिरपं खाली उतरायचं आणि त्या उन्हात कोंड्याची धूळ तरंगत राहायची. आम्ही दहा-बाराजणी मांडीवर पराती घेऊन उन्हाच्या कडेने बसायचो आणि ऊन सरकेल तशा सरकायचो. सकाळी तोंडं चालायची, भांडणंही व्हायची. तीननंतर बोलणं आपोआप थांबायचं. मग नुसता तांदूळ सरकल्याचा आवाज. कधीकधी वाटतं, ती तीस वर्षं म्हणजे एकच दुपार होती आणि मधूनमधून कोणीतरी चहा आणून देत होतं.

पहिल्या आठवड्यात मला एक खडा दिसेना. परातीत सगळं पांढरं. त्यावेळी माझी नजर अशी होती की रस्त्याच्या पलीकडच्या दुकानाची पाटी मी इकडून वाचायची. तरी खडा दिसेना. आमच्यातली सगळ्यात म्हातारी होती, तिला आम्ही मोठीबाई म्हणायचो. ती माझ्या परातीत बोट फिरवून चार खडे काढायची आणि माझ्यापुढे धरायची.

"झोपलीस काय गं?"

"दिसतच नाहीत, मोठीबाई."

"दिसायला ते काय तुझे मामा लागतात, आपण होऊन पुढे यायला? तू जा त्यांच्याकडे."

"जाऊ म्हणजे कुठे जाऊ?"

"खडा शोधू नको. आधी तांदूळ ओळखीचा कर. एकेक दाणा नाही, सगळा. घरच्या माणसांत परका बसला की कळतो ना? तसं."

मला ते कळलं नाही. मी तशीच बसून राहिले. पंधराएक दिवसांनी, तिसऱ्या प्रहरी, परातीकडे बघता बघता डोळे जड झाले आणि एकदम तांदूळ मागे सरकला. खरंच सरकला. ओहोटीला पाणी सरकतं आणि खडक उघडे पडतात, तसे खडे वर आले. काळे, करडे, तांदळाच्याच रंगाचे, सगळे. मी नुसती उचलत गेले. परात तीच होती, उजेड तोच होता. सकाळी मला काही दिसत नव्हतं आणि आता दिसत होतं. मधे डोळ्यांत कोणी औषध घातलं नव्हतं.

मग ती सवय डोळ्यांतून उतरेना. रस्त्याने जाताना भिंतीतली एकच वाकडी वीट दिसायची. नणंदेच्या मुलीच्या लग्नात अक्षता हातात दिल्या, तर मी त्यांतले खडे काढत उभी राहिले. मंगलाष्टकं संपली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि माझ्या मुठीतल्या अक्षता मुठीतच. सासू म्हणाली, "निवडून झाल्या असतील तर टाका आता." सगळा मांडव हसला.

आमच्या मजल्यावर एक रिटायर मास्तर राहतात. बायको गेल्यापासून संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. माझे डोळे जायला लागले तेव्हा त्यांनी मला समजावून सांगायचं मनावर घेतलं.

"ताई, डोळा म्हणजे खिडकी. बाहेरचा उजेड आत येतो, आत पडद्यावर चित्र पडतं. तुमचा पडदा फाटलाय, एवढंच. आपण त्यात काही करायचं नसतं. चित्र आपोआप पडतं."

"आपोआप पडतं तर मला मजुरी कशाची मिळायची?"

"ती उचलण्याची. हाताची."

"मास्तर, संध्याकाळी माझे हात दुखायचे नाहीत. डोळे दुखायचे. घरी येऊन ओला फडका ठेवून पडायची मी. खिडकी कधी थकलेली बघितलीत तुम्ही?"

मास्तर हसले. "तुम्ही वकील व्हायला हवं होतंत."

"मला चौथीतून काढली," मी म्हटलं.

तर यंदा, उन्हाळा लागताना, माझ्या खोलीत माणसं यायला लागली.

आधी माणसं नव्हती, वेल होती. दुपारी कॉटवर बसले होते. समोरच्या भिंतीवर वेल चढायला लागली. बारीक पानं, प्रत्येक पानाला शिरा, एकेक शीर मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. मला मुलीचं तोंड दिसत नाही आणि ही पानं दिसत होती. मी उठून भिंतीला हात लावला. भिंत कोरडी, गुळगुळीत. माझा हात पानांमधून गेला आणि पानं हलली नाहीत. मी परत जाऊन बसले. थोड्या वेळाने वेल नव्हती.

मग एकदा फरशीवर पाणी आलं. घोटाभर, स्वच्छ, संथ. त्यावर ऊन हलत होतं आणि त्याचे कवडसे छतावर. आवाज नाही. मी पाय वर घेतले नाहीत, कारण पाय भिजत नव्हते. छान वाटत होतं, हे कबूल करते. तासभर बसले असेन त्या पाण्यात.

आणि मग बायका. हिरवी लुगडी, रुंद लाल काठ, काठावरचा एकेक टाका मला दिसायचा. येऊन भिंतीला टेकून बसायच्या. ओळखीची एकही नाही. माझ्याकडे बघायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, काही मागायच्या नाहीत. कधी दोन, कधी पाच. मी भाजी चिरत असले तर त्या बसलेल्या. मी भाजी चिरायचं थांबवलं नाही.

कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं.

मला खोली सोडायला लावली असती. खोलीचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ती खोली माझी होती. दुसरा मजला, एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, मागे मोरी. तिथे मला दिसायचं. डोळे गेल्यावरसुद्धा दिसायचं. कपाटाचा कोपरा कुठे आहे, पाण्याचा पिंप किती भरलाय, ओट्यावर डाव्या हाताला चहाचा डबा, त्याच्यामागे साखर, जी मी आता खायची नाही. मी हात पुढे करायची तिथे वस्तू असायची. जिन्याच्या पायऱ्या अठरा आणि अठरा. सहावीचा कोपरा तुटलेला. लोकांना वाटायचं म्हातारी अंदाजाने वावरते. अंदाज नव्हता तो, चाळीस वर्षांत मी ती खोली बघून बघून पक्की केली होती. बाहेर पडले, रिक्षात बसले, मुलीच्या घरी डोंबिवलीला गेले, की मी ठार आंधळी. तिच्याकडे गेले की मला धरून संडासला न्यावं लागायचं. म्हणून मला तिथे राहायला जायचं नव्हतं. मुलीचा, जावयाचा जाच होता असं काही नाही. भली माणसं आहेत.

एका रविवारी मुलगी आली. चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि कॉटवर बसायला गेली.

"अगं अगं, तिच्या अंगावर बसू नको," मी म्हटलं.

तोंडातून गेलं. घरात कोणी बसलं असेल तर त्याच्या अंगावर कोणी बसू देतं का? मुलगी उभीच राहिली.

"कोणाच्या अंगावर, आई?"

मी म्हटलं, "मांजर होतं मघाशी."

"खोटं बोलू नको. कोणाच्या?"

मग सांगावं लागलं. वेल, पाणी, बायका, सगळं. ती कॉटच्या कडेला हळूच बसली, त्या बाईला थोडी जागा सोडून. ते माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा काढून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी सरळ विचारलं, "मला वेड लागलंय का?" त्या बाई वयाने माझ्या नातीएवढ्या असतील. म्हणाल्या, "नाही आजी. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामा बसत नाही. त्याला आयुष्यभर चित्रं करायची सवय. मग तो स्वतःच्या जवळचं काढून चित्र करतो. पुष्कळ लोकांना होतं, भीतीने सांगत नाहीत."

"म्हणजे आधीसुद्धा तोच करायचा?"

"काय?"

"चित्रं. डोळे चांगले होते तेव्हा."

त्या म्हणाल्या, "हो, एका अर्थी. तेव्हा डोळे त्याला चुका दाखवून द्यायचे."

हे मला पटलं. मास्तरांच्या खिडकीपेक्षा पटलं. मुलीला मात्र त्यातलं काही पटलं नाही. परतताना रिक्षात ती म्हणाली, "आई, तू आता डोंबिवलीला यायचं. बास."

"वेड नाही म्हणाल्या त्या."

"वेड नाही, पण दिसत नाही ना! गॅस आहे घरात. जिना आहे. उद्या त्या बायकांतली एक जिन्यात उभी राहिली आणि तू तिला वाट द्यायला बाजूला झालीस तर?"

"मी कोणाला वाट देत नाही, तुला माहीत आहे."

"मस्करी नको."

"मला दिसतं माझ्या घरात. तुला सिद्ध करून दाखवू का?"

"दाखव."

दर उन्हाळ्यात जावयाच्या मामाकडून, खडवलीकडून, तांदूळ येतो. घरचा भात, गावच्या गिरणीवर काढलेला, मातीच्या खळ्यावर झोडपलेला, त्यामुळे खडे भरपूर. तो पावसाआधी मीच निवडून देते. मी म्हटलं, त्यातला दहा किलो घेऊन ये. मी एकटी निवडीन. झाला की तू पांढऱ्या चादरीवर, दिवसाउजेडी, पसरून बघ. एक खडा सापडला तर सामान बांधते. नाही सापडला तर डोंबिवलीचं नाव काढायचं नाही.

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा."

ती म्हणाली, "ठीक आहे."

तांदूळ आला तो नेहमीच्याच गोणीत, सुतळीने बांधलेला. मी बुधवारी सकाळी सुरुवात केली. खिडकीपाशी चटई, मांडीवर परात, उजव्या हाताला स्टीलची वाटी खड्यांसाठी. हात घातला तेव्हा कोंडा लागला नाही. म्हटलं, गिरणीवाल्याने यंदा बरं काढून दिलंय.

समोर बघून उपयोग नव्हता. समोर धूर. मी मान वळवून भिंतीकडे बघायची आणि डोळ्याच्या कोपऱ्याने परात धरायची. बोटांनी तांदूळ पुढे ढकलायचा, पातळ पसरायचा, टोकांनी चाचपायचा. पहिली परात निवडायला तास लागला. एक खडा मिळाला. वाटीत टाकला. टिण्.

त्या आवाजाने इतकं बरं वाटलं. गोदामात दहाजणींच्या दहा वाट्यांमधून तो आवाज यायचा, पुढे मागे, पुढे मागे, आणि त्याची गुंगी चढायची. दुसऱ्या परातीला तीन सापडले, तिसऱ्याला सात. हात लागत गेला. दुपारी माझ्या भोवती तांदूळ आणि ऊन आणि मधे मी. कोपऱ्यातून खडे उठून वर यायला लागले, पूर्वी यायचे तसे. मी नुसती उचलत होते. टिण्. टिण्.

गुरुवारी त्या बायका आल्या. या वेळी भिंतीशी बसल्या नाहीत. माझ्या शेजारी, रांगेत, मांडी घालून बसल्या, आणि त्यांच्याही मांडीवर पराती होत्या. त्यांच्या परातीतला तांदूळ मला दाणा दाणा दिसत होता, लांब, पांढरा, दुधासारखा. माझ्या परातीतला धूर होता. मी त्यांच्या परातीत बघत माझ्या परातीत हात चालवत राहिले. ऊन सरकलं तशी मी सरकले. त्याही सरकल्या. छतावर कवडसे हलत होते. मला वाटतं मी मधे थोडी झोपलेही असेन, पण हात चालू होते. चहा करायचं राहिलं. गोळी घ्यायची राहिली. शुक्रवारी तिन्हीसांजेच्या आधी गोणी रिकामी झाली आणि वाटी जवळजवळ भरली होती.

आता गोदामाची एक रीत सांगते. निवडलेला तांदूळ आमच्या शेठकडे कोणी तपासत नसे. एखादा खडा राहिला तर राहिला, गिऱ्हाईक शिव्या देईल, विसरेल. तपासायच्या त्या आमच्या वाट्या. खड्यांत चांगला दाणा गेला की ते मालाचं नुकसान, आणि बाईची अब्रू जायची. मोठीबाई प्रत्येकीच्या वाटीतून चिमूट उचलायची आणि सरळ तोंडात टाकायची. डोळे फसतात, दात फसत नाहीत, म्हणायची. कडक लागलं की मान हलवायची. दाणा फुटला की तोंडातलं त्या बाईच्या पायाशी थुंकायची. माझ्या पायाशी ती एकदाच थुंकली, पहिल्या महिन्यात.

मुलीला ही रीत माहीत नव्हती. पैज तांदळाची लागली होती, वाटीची नाही. पण हाताला सवय. मी वाटीतून चिमूट घेतली आणि उरलेल्या दोन दाढांमध्ये एक खडा धरला.

कट् करून फुटला. पीठ झालं. गोड लागलं.

दुसरा घेतला. तोही फुटला. मग मी चिमटीचिमटीने खात गेले. मधे मधे कणी, एखादं पिवळं दाण्याचं तूस. खडा एकही नाही.

मला वाईट वाटलं ते डोळ्यांचं नव्हतं. डोळे गेलेत हे मला ठाऊकच होतं. बोटांची टोकं साखरेने बधिर झालीत, हेही ठाऊक होतं, फक्त मी ते स्वतःला सांगितलं नव्हतं. मला लागलं ते त्या आवाजाचं. तीन दिवस मी टिण् ऐकलं होतं. तांदळाचा दाणा वाटीत पडल्यावर असा वाजत नाही. मी कोर्टात शपथ घेऊन सांगितलं असतं की खडा वाजला. कान माझे चांगले आहेत. म्हणजे तोही मीच वाजवला.

वाटी घेऊन गॅलरीत गेले. पत्र्यावर कबुतरं घुमत होती. त्यांना टाकून द्यावी आणि वाटी धुऊन ठेवावी असं मनात आलं. मी काही साधू नाही. मास्तर खुर्चीत होते.

"काय ताई, किती निघाले खडे?"

मी वाटी त्यांच्या हातात दिली. "बघा बरं काय आहे."

"तांदूळ आहे की."

"खडा एकसुद्धा नाही?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "नाही हो."

"मग मास्तर, तुमच्या खिडकीतून माझे खडे आत कसे आले?"

ते बराच वेळ वाटी हलवत बसले. मग म्हणाले, "आले नाहीत. तुम्ही केलेत."

"हो. एवढं मी तुम्हाला गेलं वर्षभर सांगत होते."

"वाद जिंकलात खरं," ते म्हणाले, "पण मुलीला सांगू नका."

शनिवारी सकाळी मुलगी आली. खिडकीखाली पांढरी चादर पसरली आणि चार चार मुठी घेऊन तांदूळ बघत बसली. मी कॉटवर. पंखा बंद, दाणे उडू नयेत म्हणून. तिने घाई केली नाही. तासाभराने तिने सगळा तांदूळ डब्यात भरला आणि झाकण लावलं.

"नाही सापडला," ती म्हणाली. "जिंकलीस, आई."

आवाज विचित्र होता. मी वाटी तिच्याकडे सरकवली.

"हे काय?"

"मी काढलेले खडे."

तिने वाटीत बोट फिरवलं. मग नाक ओढायला लागली.

"नाक पूस आधी. खडवलीच्या तांदळात खडा नाही, असं तुझ्या मामेसासऱ्याच्या जन्मात झालं नाही. कुठून आणलास?"

"कल्याणहून. मशीनने साफ केलेला. जुन्या गोणीत भरला."

"कशाला?"

"तू जिंकावंस म्हणून."

"मग डोंबिवलीला ये, डोंबिवलीला ये म्हणून माझं डोकं कशाला खात होतीस?"

"तेपण खरं आहे," ती म्हणाली. "तू यावंस असंही वाटतं, आणि तू हरू नयेस असंही वाटतं. मला नाही कळलं काय करू ते."

ती माझ्यासारखी नाही. बापावर गेली आहे.

"मी हरले," मी म्हटलं.

"कशी हरलीस? पैज खड्याची होती. खडा सापडला नाही."

"पैज माझ्या नजरेची होती."

"आई, आपण बोललो ते बोललो. एकसुद्धा खडा नाही. तू इथेच राहा. मी परत विषय काढणार नाही."

"अगं, ऐक तू." मी तिला बसवलं. "गॅस बंद झाला की मला कळतं, कारण बटण फिरल्याचा आवाज येतो. बरोबर?"

"हो."

"या वाटीत खडा पडल्याचा आवाज मला तीन दिवस आला. खडा नव्हता. उद्या बटण न फिरवता मला ते फिरल्याचा आवाज आला तर? मी छान हात पुसून झोपेन. शेजारी मास्तर आहेत, खाली पोराबाळांची घरं आहेत."

ती रडत राहिली. मी तिला रडू दिलं आणि ट्रंक ओढली. दोघींपैकी कोणीतरी सामान बांधायला हवं होतं.

डोंबिवलीला येऊन आता दोन महिने होतील. मास्तरांचा फोन येतो. माझ्या खोलीला कुलूप आहे. द्यायची की ठेवायची ते मी अजून बोललेले नाही. त्या बायका इथे दोनदाच आल्या. इथे त्यांना बसायला भिंत मोकळी नाही, सगळीकडे कपाटं. मुलगी ऑफिसला जाताना दारातून विचारते, "आज कोणी आहे का गं?" असलं तर मी सांगते, किती आहेत ते. जावई त्या बाजूने जाताना अंग चोरून जातो. चांगला माणूस आहे.

हे घर मला अजून दिसत नाही. पहिले आठ दिवस मी फ्रिजला तीनदा धडकले आणि बेसिन समजून खिडकीत चूळ भरली. खालच्या बाईंनी वर येऊन विचारलं. मग मी कामाला लागले. मुलगी-जावई बाहेर गेले की मी भिंतीला हात लावून चालते. कॉटपासून दार सात पावलं. दाराच्या कडीपासून बटणं दीड हात वर. पहिलं पंख्याचं, दुसरं दिव्याचं, तिसरं कशाचंच नाही. हात गेला तिथे वस्तू नसली की परत कॉटवर यायचं आणि पहिल्यापासून निघायचं. दिवसाला दोन-तीन वस्तू होतात, जास्त नाही. संध्याकाळी डोळे दुखतात. त्यांना दिसत नाही तरी दुखतात. मी फडका ओला करून ठेवते.

मुलीला सांगून ठेवलंय, घरातलं काहीही इंचभर हलवायचं नाही. परवा तिने पाहुणे येणार म्हणून टीपॉय सरकवला. मी तिला पाहुण्यांसमोर बोलले. तिने तोंड फुगवलं, पण उचलून परत जागेवर ठेवला. मी हात लावून बघितला. चार बोटं डावीकडे होता. परत सरकवायला लावला.